विहिरीचा कठडा कोणाच्या वहीत आहे?
पेसा अबंध निधीचा आराखडा कसा होतो आणि त्यात आपलं काम कसं बसवायचं

मैत्रिणींनो,

गेल्या मे महिन्यात एका पाड्यावर गटाच्या बैठकीला गेले होते. बचतीचा हिशोब झाला, कर्जाचे हप्ते जमा झाले. मी जायला उठले, तेवढ्यात मागं बसलेल्या एका मावशींनी विचारलं, "ताई, तुम्ही वह्या बघता ना? मग आमच्या विहिरीचा कठडा कोणाच्या वहीत आहे ते बघा की."

विहीर पाड्याच्या खालच्या अंगाला. कठडा दोन पावसाळ्यांपूर्वी पडलेला. गाळ इतका साचलेला, की एप्रिल उजाडला की तांब्यानं पाणी भरायचं. सगळ्यांचं म्हणणं एकच होतं: "सांगितलं आहे, होईल."

दुसऱ्या दिवशी तिघीजणी आणि मी ग्रामपंचायतीत गेलो आणि आराखडा बघायला मागितला. रस्त्याचं काँक्रीट होतं, समाजमंदिर होतं, दिवे होते. विहीर कुठंच नव्हती. कोणी खोडली नव्हती, ती लिहिलीच गेली नव्हती. सगळ्यांनी सांगितलं होतं ते येता-जाता, रस्त्यात, तोंडी. सभेत कोणी बोललं नव्हतं, कारण आराखड्याच्या सभा झाल्या तेव्हा पाड्यावरच्या बऱ्याच बायका वीटभट्टीवर होत्या.

परत येताना वाटलं, हे एका पाड्याचं नाही. म्हणून या अंकात हा पैसा कुठून येतो, कोण ठरवतं आणि आपण कुठल्या वेळी बोलायला पाहिजे, ते सोपं करून लिहिते.

हा पैसा कोणता?

ग्रामपंचायतीकडे बरेच निधी येतात. वित्त आयोगाचा येतो, घरपट्टी-पाणीपट्टीचा येतो, योजनांचा येतो. आज मी फक्त एकाबद्दल सांगते: पेसाचा अबंध निधी.

पेसा हा 1996 चा केंद्राचा कायदा. आदिवासी अनुसूचित क्षेत्रात ग्रामसभेला जास्त अधिकार देणारा. आपल्या राज्यानं त्याचे नियम 2014 मध्ये केले. अनुसूचित गावं कोणती, हे राष्ट्रपतींच्या 1985 च्या आदेशात ठरलेलं आहे. त्यात जव्हार, मोखाडा, डहाणू, तलासरी, वाडा हे तालुके पूर्ण आहेत; आणि आपल्या वसई तालुक्यातली 45 गावं आहेत. आपलं गाव त्यात आहे का, हे ग्रामपंचायतीत विचारलं की लगेच कळतं.

21 एप्रिल 2015 च्या शासन निर्णयानं ठरलं, की आदिवासी उपयोजनेच्या पैशातला 5 टक्के भाग या गावांच्या ग्रामपंचायतींना थेट द्यायचा. वाटणी लोकसंख्येच्या प्रमाणात. एका ग्रामपंचायतीत चार गावं असतील तर चौघांचा आपापला वाटा. तो ग्रामसभा कोषात जमा होतो आणि त्याचं काम ग्रामसभा कोष समिती बघते.

'अबंध' म्हणजे वरून 'हेच काम करा' असं बांधून न दिलेला. पण अबंध म्हणजे मन मानेल तसा नव्हे. खर्चासाठी चार खाती आखून दिलेली आहेत:

पहिलं, पायाभूत सुविधा: शाळा, अंगणवाडी, आरोग्य केंद्र, गावातले रस्ते, दफनभूमी.

दुसरं, वनहक्क आणि पेसाची अंमलबजावणी: उपजीविकेचं प्रशिक्षण, मत्स्यबीज, सामाईक जमीन, छोटे पाणीसाठे, गावाची सामाईक साधनसंपत्ती.

तिसरं, आरोग्य, स्वच्छता आणि शिक्षण.

चौथं, वनीकरण, वन्यजीव संवर्धन, जलसंधारण, वनतळी आणि जंगलावरची उपजीविका.

कोणत्या खात्याला किती वाटा, याबद्दल शासनाच्या सूचना असतात. यंदाच्या सूचनेची प्रत ग्रामसेवकांकडे मागा. (आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात.)

आता ही चार खाती परत एकदा वाचा. दुसरं आणि चौथं खातं म्हणजे आपलं पाणी, आपलं जंगल, आपली गुरचरण. जे आहे ते राखण्यासाठी कायद्यानंच जागा ठेवलेली आहे. पण आराखड्यात सगळ्यात जोरात बोललं जातं ते पहिल्या खात्याबद्दल. रस्ता नको असं मी म्हणत नाही. बाळंतीण बाईला डोलीत घालून नेलेलं आपण पाहिलेलं आहे, रस्ता हवाच. पण रस्ता मागायला माणसं असतात. झऱ्यासाठी आणि विहिरीसाठी बोलायला तिथं हंडा नेणारीच लागते.

आराखडा कसा तयार होतो?

कागदावर याची मोठमोठी नावं आहेत. पण गटाच्या वहीसारखंच समजा.

आधी शिवारफेरी. गावात फिरून काय आहे, काय मोडलंय ते बघायचं. यात बायका असल्याच पाहिजेत. कुठला झरा मार्चमध्ये आटतो आणि कुठला मेपर्यंत टिकतो, हे पाणी भरणारीलाच ठाऊक.

मग कामांची यादी. त्यानंतर अंदाजपत्रक, म्हणजे प्रत्येक कामाला किती खर्च येईल याचा हिशोब. बांधकाम असेल तर ते अभियंता करतात आणि तांत्रिक मान्यता घ्यावी लागते. आपण आकडा सांगायची गरज नाही, पण काम नेमकं सांगायची गरज आहे. 'पाण्याची सोय करा' असं लिहिलं तर कोणी अंदाजपत्रक करू शकत नाही. 'खालच्या आळीच्या विहिरीतला गाळ काढणे व पडलेला कठडा बांधणे' असं लिहिलं तर ते करावं लागतं.

मग सगळं आराखड्यात येतं आणि ग्रामसभेपुढं मंजुरीला जातं. नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची, असं आपल्या ग्रामपंचायत कायद्यातच आहे. ही सभा म्हणजे नुसती सह्यांची वही फिरवणं नव्हे. तिथं झालेला ठराव इतिवृत्तात लिहून घ्यायचा आणि ग्रामसभेत वाचायला लावायचा.

एक हिशोब करून बघू

हे आकडे मी समजावण्यासाठी घेतलेत, कुठल्या गावाचे नाहीत. धरून चला, चौथ्या खात्यात एका पाड्याच्या वाट्याला 1,60,000 रुपये आले. सभेत तीन कामं निघाली:

ओढ्यावरचा फुटका बंधारा दुरुस्त करणे: 60,000
वनतळ्यातला गाळ काढणे: 70,000
500 रोपं लावणे, प्रत्येकी 80 रुपये धरून: 40,000

बेरीज 1,70,000. म्हणजे 10,000 जास्त. अशा वेळी बहुतेक ठिकाणी काय होतं? रोपं थोडी कमी करतात, बेरीज जुळवतात आणि आराखडा मंजूर होतो.

पण यात एक ओळ राहून गेली. रोपं लावल्यावर त्यांना पहिले दोन उन्हाळे पाणी कोण घालणार? शेळ्या आत शिरल्या तर? गाळ काढला, पुढच्या पावसात परत आला तर? याला पैसा धरलेलाच नाही. म्हणून जून महिन्यात फोटो निघतो आणि पुढच्या मेमध्ये काड्या उरतात.

तीच रक्कम अशी मांडू:

बंधारा: 60,000
वनतळं: 70,000
200 रोपं: 16,000
काटेरी कुंपण, उन्हाळ्यातलं पाणी आणि राखण: 14,000

बेरीज बरोबर 1,60,000. रोपं निम्म्याहून कमी झाली, पण ती जगतील. पाणी घालायचं काम पाड्यातल्याच दोघींना मिळेल, तेवढे दिवस त्यांना बाहेर जावं लागणार नाही.

गटात आपण हेच करतो. शेळी घ्यायला कर्ज देताना चारा आणि औषधाचं काय, हे विचारतो की नाही? मग गावाच्या कामाला का विचारू नये? प्रत्येक कामामागं एक प्रश्न ठेवायचा: झाल्यावर हे सांभाळणार कोण, आणि कशातून?

कधी बोलायचं?

सगळ्यात मोठी अडचण इथं आहे. पुढच्या वर्षाच्या आराखड्याची तयारी साधारण 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून सुरू होते. दिवाळी झाली की आपल्याकडची कितीतरी घरं वीटभट्टीवर जातात. 26 जानेवारीच्या सभेला पाड्यावर म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं उरतात. म्हणजे ज्यांना पाण्याची सगळ्यात जास्त झळ लागते, त्याच बायका ठरवायच्या वेळी गावात नसतात.

म्हणून आपलं बोलणं भातकापणीच्या आधी झालं पाहिजे. 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर या दोन सभांना बहुतेकजणी घरी असतात. गटाच्या ऑगस्ट महिन्याच्या बैठकीत अर्धा तास यासाठीच ठेवा. उमेदच्या गटांना तर एक वाट आधीच आहे: गाव दारिद्र्य निर्मूलन आराखडा. गटातून मागण्या ग्रामसंघाकडे जातात, ग्रामसंघ त्या एकत्र करून ग्रामसभेला देतो. त्यात फक्त शौचालय, घरकुल, पेन्शन अशा घरच्या मागण्या लिहू नका. विहीर, झरा, बंधारा, गुरचरण या सगळ्यांच्या मागण्याही त्यातच लिहायच्या असतात.

जी बाई बाहेरगावी जाणार आहे, तिनं आपलं म्हणणं जायच्या आधी गटाच्या इतिवृत्तात लिहून ठेवावं. मग ग्रामसंघाची अध्यक्ष ते सभेत मांडू शकते.

पैसा खर्च झाल्यावर

पेसा कायद्यात एक गोष्ट आहे, जी फार कमीजणींना माहीत असते. आराखड्याला मंजुरी ग्रामसभेनं द्यायची, हे तर आहेच. शिवाय काम झाल्यावर पैसा नीट वापरला गेला, याचं प्रमाणपत्रही पंचायतीनं ग्रामसभेकडून घ्यायचं आहे. म्हणजे 'काम झालं' हे म्हणायचा हक्क आपला आहे. म्हणून सभेत हात वर करण्याआधी कामावर जाऊन या. विहिरीत वाकून बघा. गाळ खरंच निघालाय का, कठडा हलतोय का, फलकावर लिहिलेली रक्कम आणि सभेत वाचलेली रक्कम एकच आहे का.

एका गावात मी बायकांना हे सांगितलं, तेव्हा एकजण म्हणाली, "असं विचारलं तर भांडण होईल." होऊ शकतं, हे मी नाकारत नाही. म्हणून एकटीनं विचारू नका. गटाचा ठराव घ्या, पाच-सातजणी मिळून जा आणि शांतपणे कागद मागा. कागद मिळाला नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज आहे, त्याची फी 10 रुपये. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला तीही नाही. ग्रामपंचायतीचा मंजूर विकास आराखडा ई-ग्रामस्वराजवर मोबाईलवरही दिसतो. गटातल्या शिकलेल्या मुलींना उघडून दाखवायला सांगा.

आणि आम्ही तुळिंजच्या बायका?

हा प्रश्न आमच्या तुळिंजच्या गटांनी मला लगेच विचारला. 3 जुलै 2009 ला वसई-विरार महापालिका झाली. महापालिकेच्या हद्दीत ग्रामसभा नाही, त्यामुळे हा निधी आपल्याला लागू नाही. पण 2002 च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे ग्रामपंचायत असो की महापालिका, प्रत्येकीनं जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमायची आहे. त्यात किमान एक तृतीयांश बायका हव्यात. समितीनं लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची आणि स्थानिक जैवविविधता निधी राखण्यासाठी वापरायचा. आपले तलाव, तुळिंज डोंगरावरची झाडं, जुनी वडा-पिंपळाची झाडं या नोंदवहीत आहेत का, हे विचारण्यापासून सुरुवात करता येईल. तिथंही नियम तोच: नोंद नाही तर खर्च नाही.

पुढच्या बैठकीत एवढं करा

1. आपलं गाव पेसात आहे का आणि कोष समितीत कोण आहे, त्यात बायका किती, हे विचारून वहीत लिहा.
2. मागच्या वर्षीचा आराखडा आणि खर्च मागा. चार खात्यांत किती गेलं ते बघा.
3. पाणी, जंगल आणि गुरचरण यांची मिळून तीनच कामं निवडा. प्रत्येकासमोर जागा, कारण आणि 'नंतर कोण सांभाळणार' हे लिहा.
4. गटाचा ठराव करून ग्रामसंघाला द्या. एक प्रत ग्रामपंचायतीत देऊन पोच घ्या. पोच घेतल्याशिवाय परत येऊ नका.
5. महिला सभेला दहाजणी तरी जा.

त्या पाड्यावरच्या मावशींनी आता विहिरीचं काम गटाच्या इतिवृत्तात लिहून घेतलंय, खाली अकराजणींच्या सह्या आणि अंगठे आहेत. अर्जाची पोचही मिळाली आहे. कठडा अजून बांधलेला नाही. येत्या महिला सभेत तो अर्ज वाचला जाईल तेव्हा मी तिथं असेन, आणि काय झालं ते पुढच्या अंकात लिहीन. तुमच्या गावात तुम्ही काय मागितलं, तेही लिहून पाठवा. अक्षर कसंही असू दे.

तुमची,
क्षेत्र समन्वयक, तुळिंज