प्रतिकृती लहान, रंग मात्र तेवढाच!

दिवाळीत अंगणात केलेले मातीचे किल्ले तुम्ही पाहिले असतीलच. कित्येकांनी स्वतः केलेही असतील. असा एखादा किल्ला जरा बारकाईने पाहा. बुरूज असतो वीतभर उंच आणि त्याच्या शेजारी पहाऱ्याला उभा असलेला मावळाही जवळजवळ तेवढाच! दरवाजातून आत जायचे झाले तर बिचाऱ्याला रांगतच जावे लागेल. किल्ल्याचे माप एक आणि माणसाचे माप दुसरे, अशी ही गंमत असते. खेळात ती चालून जाते. पण विज्ञान प्रदर्शनासाठी एखादे दृश्य हुबेहूब उभे करायचे असेल, तर सगळ्या वस्तू एकाच प्रमाणात लहान कराव्या लागतात.

अशा मापशीर देखाव्याला 'डायोरामा' म्हणतात. हा शब्द प्रथम गाजला तो पॅरिसमध्ये. छायाचित्रणाच्या आद्य संशोधकांपैकी एक असलेल्या लुई दागेर याने १८२२ साली तेथे एक प्रेक्षागृह उघडले होते. प्रचंड पडद्यांवर रंगविलेल्या देखाव्यांवर प्रकाश बदलत ठेवून तो प्रेक्षकांना चकित करी. आज हा शब्द आपण लहान वस्तू मांडून केलेल्या त्रिमित दृश्यासाठी वापरतो.

लाकूड, पुठ्ठा, प्लॅस्टिक, माती यांच्या वस्तू मापाप्रमाणे लहान करणे तसे कठीण नाही. खरी परीक्षा असते ती त्या वस्तूंवरचे बारीकसारीक भाग रंगविताना. याचे कारण विचार करण्याजोगे आहे. वस्तू आपण लहान करू शकतो. पण रंगाचा थर, पाण्याचा थेंब, प्रकाश आणि आपला डोळा यांना काही आपण लहान करू शकत नाही!

गणित प्रमाणाचे

एक उदाहरण घेऊ. आपल्याला एका लहानशा रेल्वे स्थानकाचा देखावा करायचा आहे. छोट्या रेल्वेसाठी जगभर १:८७ हे प्रमाण लोकप्रिय आहे. पुण्यातील भाऊ जोशी यांचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय पाहिले असेल, तर याच प्रमाणातल्या गाड्या धावताना तुम्ही पाहिल्या आहेत. १:८७ म्हणजे खऱ्या वस्तूच्या ८७ मिलिमीटरला प्रतिकृतीत १ मिलिमीटर.

आता फलाटावर एक हमाल उभा करू. त्याची उंची १७० सेंटिमीटर धरली, तर आपला हमाल होईल साडेएकोणीस मिलिमीटरचा. त्याच्या दंडावर ५ सेंटिमीटर रुंदीचा पितळी बिल्ला असेल, तर प्रतिकृतीत तो अर्ध्या मिलिमीटरहून किंचित मोठा होईल. ३ सेंटिमीटर रुंदीचा डोळा होईल सुमारे ०.३४ मिलिमीटरचा. आणि डोळ्यातील १२ मिलिमीटरचे बुबुळ? अवघे ०.१४ मिलिमीटर! हे बुबुळ कोणी कसे रंगवावे?

उत्तर सोपे आहे : रंगवूच नये.

किती दिसते, तेवढेच रंगवा

हा देखावा तुम्ही साधारण ३० सेंटिमीटर अंतरावरून पाहणार. या अंतरालाही ८७ ने गुणा. उत्तर येते सुमारे २६ मीटर. म्हणजे हा इवला हमाल पाहणे हे खऱ्या हमालाला २६ मीटरवरून पाहण्यासारखे आहे. शाळेच्या मैदानावर २६ मीटर अंतर मोजा, तेथे मित्राला उभे करा आणि पाहा. त्याच्या सदऱ्याचा रंग दिसतो, केस दिसतात, पण बुबुळे दिसतात का? डोळ्यांच्या जागी फक्त एक सावलीचा पट्टा जाणवतो. प्रतिकृतीवर नेमका तेवढाच रंगवायचा.

याला शास्त्रीय आधार आहे. निरोगी डोळ्याला दोन बिंदू वेगळे दिसण्यासाठी त्यांच्यात साधारण एका कला कोनाचे, म्हणजे एका अंशाच्या साठाव्या भागाचे अंतर लागते. ३० सेंटिमीटरवर हे अंतर भरते सुमारे ०.०९ मिलिमीटर. ८७ ने गुणले तर मिळतात ८ मिलिमीटर. याचाच अर्थ, खऱ्या वस्तूवर ८ मिलिमीटरपेक्षा जवळजवळ असलेल्या रेघा किंवा ठिपके आपल्या प्रतिकृतीत वेगळे ओळखू येणार नाहीत.

म्हणून भिंगाखाली रंगविताना मोह आवरावा लागतो. भिंगातून दिसते म्हणून सदऱ्याची गुंडी न् गुंडी रंगवीत बसलात, तर भिंग बाजूला केल्यावर ती केवळ मळकट ठिपक्यांची रांग दिसेल. रंगवा भिंगातून, पण पारख करा ३० सेंटिमीटरवरून, उघड्या डोळ्यांनी.

रंग की गिलावा?

आता रंगाच्या थराकडे वळू. कुंचल्याने दिलेला एक थर वाळल्यावर ३० मायक्रॉन, म्हणजे ०.०३ मिलिमीटर जाडीचा राहिला असे धरू. खऱ्या डब्याला किंवा दाराला ही जाडी किरकोळ आहे. पण ८७ ने गुणा! आपल्या हमालाच्या अंगावर २.६ मिलिमीटरचा लेप बसला. असे तीन थर दिले की झाले जवळजवळ ८ मिलिमीटर. म्हणजे आपल्या डोळ्याला जेमतेम दिसू शकणारा जो सर्वांत बारीक तपशील, तेवढ्याच जाडीचा हा गिलावा! सदऱ्याच्या चुण्या, पागोट्याचे पेच, बोटांमधल्या फटी सारे त्याखाली बुजून जाते.

उपाय एकच. रंग दुधाइतका पातळ करावा. त्यातील पाणी उडून गेले की मागे राहणारा थर फारच पातळ असतो. एका जाड थरापेक्षा दोन पातळ थर केव्हाही चांगले. मात्र पहिला थर पूर्ण वाळल्याशिवाय दुसरा देऊ नका. नाहीतर ओला कुंचला खालचा अर्धवट सुकलेला रंग उचलून घेईल. पिवळा व लाल हे रंग गडद पृष्ठभागावर नीट झाकत नाहीत. त्यामुळे हमालाच्या लाल सदऱ्याखाली आधी पांढऱ्या किंवा फिक्या करड्या रंगाचे पातळ अस्तर द्यावे.

थेंबाची दांडगाई

बादलीतले पाणी गुरुत्वाकर्षणाने सपाट पसरते; पण अळूच्या पानावरचा थेंब मोत्यासारखा गोल राहतो. असे का? थेंबाचे वजन त्याच्या घनफळावर अवलंबून असते, तर पृष्ठताणाचे बल त्याच्या कडेच्या लांबीवर. थेंब निम्म्या व्यासाचा केला तर वजन आठपट कमी होते, पृष्ठताणाचे बल मात्र निम्मेच होते. म्हणून दोन-तीन मिलिमीटरपेक्षा लहान थेंबांच्या जगात राज्य असते ते पृष्ठताणाचे. आपला हमाल याच जगात उभा आहे!

प्लॅस्टिकवर बोटांचा तेलकटपणा लागलेला असेल, तर पाण्यात कालवलेला रंग पसरत नाही. त्याच्या गोळ्या होतात. यासाठी सुटे भाग आधी साबणाच्या कोमट पाण्यात धुवावेत, वाळवावेत आणि नंतर चिमट्यानेच उचलावेत. पातळ रंगात भांडी घासण्याच्या द्रव साबणाचा अगदी अल्प अंश मिसळला, तरी पृष्ठताण कमी होऊन रंग सहज पसरतो.

हाच पृष्ठताण आपला मदतनीसही होतो. गडद तपकिरी रंग पाण्यासारखा पातळ करा आणि कुंचल्याचे टोक फक्त खाचेला टेकवा. केशाकर्षणाने रंग आपोआप खाचेतून धावत जातो. कंदिलाच्या तीलातून तेल वर चढते, तोच हा प्रकार. ज्या रेघा हाताने काढणे अशक्य, त्या निसर्ग काढून देतो.

पण जास्त रंग सपाट भागावर तसाच राहिला, तर वाळताना त्याच्या कडेला गडद कडे उमटते. टेबलावर सांडलेल्या कॉफीचा डाग असाच कडेला गडद असतो. या साध्या डागाचे कोडे १९९७ मध्ये शिकागो विद्यापीठातील रॉबर्ट डीगन व त्यांच्या सहकाऱ्यांनी उलगडून दाखविले. थेंबाची कड एका जागी चिकटलेली असते. तेथून पाण्याची वाफ अधिक वेगाने होते आणि ती तूट भरून काढण्यासाठी मधले पाणी कडेकडे वाहते. त्याबरोबर रंगाचे कणही कडेला जाऊन साचतात. म्हणून जास्तीचा रंग वाळण्यापूर्वीच कोरड्या कुंचल्याने टिपून घ्यावा.

कुंचला किती बारीक हवा?

बारीक कामाला सर्वांत बारीक कुंचला हवा असे वाटणे स्वाभाविक आहे. पण येथेही प्रमाणाचा नियम आडवा येतो. वस्तू लहान होताना तिचे घनफळ पृष्ठफळापेक्षा फार झपाट्याने घटते. आकार आणि बळ यांचे असे नाते गॅलिलिओने १६३८ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात मांडले होते. थेंबाचा व्यास दहावा भाग केला, तर पृष्ठफळ शंभरावा भाग आणि घनफळ हजारावा भाग होते. म्हणजे घनफळाच्या मानाने पृष्ठफळ दहापट झाले. बाष्पीभवन होते पृष्ठभागावरून. त्यामुळे चार केसांच्या कुंचल्यावरचा रंग हमालापर्यंत पोचण्याआधीच घट्ट होऊ लागतो.

तेव्हा कुंचला मध्यम जाडीचा, पण टोक सुईसारखे असलेला निवडावा. त्याचे पोट रंगाचा साठा धरून ठेवते आणि टोक काम करते. कृत्रिम तंतूंचे कुंचले या कामाला पुरेसे आहेत. मुंगसाच्या केसांचा कुंचला कोणी देऊ केला तर मात्र घेऊ नका. त्यासाठी मुंगसांची हत्या होते आणि वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार मुंगूस हा संरक्षित प्राणी आहे. पितळी बिल्ल्यासारखा ठिपका तर कुंचल्याशिवायही देता येतो. दात कोरण्याच्या काडीचे टोक रंगात बुडवा आणि हलकेच टेकवा.

सावलीसुद्धा रंगवावी लागते

खोलीतील चार फुटी ट्यूबलाइट हमालाच्या जगात केवढी होईल? १२० सेंटिमीटर गुणिले ८७, म्हणजे १०४ मीटर! एवढ्या लांबलचक दिव्याखाली सावल्या पुसट पडतात. खऱ्या स्थानकावर उन्हात दिसणारी कडक सावली देखाव्यात आपोआप येत नाही. म्हणून खाचांत गडद छटा आणि उंचवट्यांवर फिकी छटा द्यावी लागते. उंचवट्यांसाठी कुंचल्यातला बहुतेक रंग कापडावर पुसून टाका आणि जवळजवळ कोरडा कुंचला वस्तूवरून हलकेच फिरवा. फक्त वर आलेल्या कडाच रंग उचलतात. इंजिनही शुद्ध काळ्याने रंगवू नका. काळ्याहून गडद असा रंगच नाही, मग त्यावर सावली दाखविणार कशाने? त्याऐवजी गडद करडा वापरा.

एक सूचना हाताविषयी. प्रत्येक निरोगी माणसाचा हात सेकंदाला ८ ते १२ वेळा सूक्ष्म कंप पावत असतो. त्यात घाबरण्यासारखे काही नाही. दोन्ही कोपरे टेबलावर टेकवा आणि मनगटे एकमेकांना लावा. मग दोन्ही हात एकत्रच हलतात आणि वस्तू व कुंचला यांच्यातील अंतर फारसे बदलत नाही. सुटा भाग बोटांत न धरता, दुहेरी चिकटपट्टीने आइस्क्रीमच्या काडीवर चिकटवा.

करून पाहा

शाळेच्या प्रयोगशाळेतील स्क्रू गेजने ०.०१ मिलिमीटरपर्यंत माप घेता येते. दोन काचपट्ट्यांची जाडी प्रथम मोजून ठेवा. एकीवर डबीतला रंग तसाच, तर दुसरीवर दुधाइतका पातळ केलेला रंग लावा. प्रत्येकीवर पाच थर द्या. अर्थात प्रत्येक थर वाळू देऊन. मग पुन्हा जाडी मोजा आणि वाढीला पाचाने भागा. तुमच्या रंगाच्या एका थराची जाडी मिळेल. तिला ८७ ने गुणा.

शिक्षकांनी हा प्रयोग दोन-तीन गटांकडून करवून घ्यावा आणि पातळ केलेल्या रंगाचे दोन थर पुरतात की तीन लागतात, हेही पाहायला सांगावे. पुढच्या प्रदर्शनात देखाव्याशेजारी त्याचे प्रमाण, पाहण्याचे अंतर आणि रंगाच्या थराची ही मोजलेली जाडी लिहिलेला एक तक्ता लावा. येणाऱ्या परीक्षकांना तुमचा हमाल तर आवडेलच. पण त्याच्या अंगावर किती मिलिमीटरचा सदरा आहे, हे तुम्ही स्वतः मोजून सांगू शकाल!