प्रेझेंटेशनमध्ये जाणारा वेळ कसा वाचवाल?



गेल्या वर्षी केंद्राच्या शिक्षण परिषदेत मला वीस मिनिटांचं सादरीकरण करायचं होतं. विषय होता अपूर्णांक. रात्री साडेबारापर्यंत बसून २४ स्लाइड केल्या. प्रत्येक स्लाइडवर शीर्षकाचा रंग निवडला, शाळेचं बोधचिन्ह एकेक करून चिकटवलं, अक्षरं उडत येतील अशी सोय केली. दुसऱ्या दिवशी तिथल्या लॅपटॉपवर फाइल उघडली, तर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा नुसता काला! शेवटी खडू घेतला आणि फळ्यावरच विषय मांडला. तो बरा झाला, पण रात्र वाया गेली ती गेलीच.

हे मी वर्गातल्या एका मुलीच्या वडिलांना सांगितलं. ते अंबड एमआयडीसीत नोकरीला आहेत आणि दर महिन्याला साहेबांपुढे कामाचा आढावा मांडतात. मी विचारलं, "तुम्हाला किती वेळ लागतो हो?" ते म्हणाले, "अर्धा तास, मॅडम. मी नवीन बनवतच नाही. साचा तयार आहे, फक्त आकडे बदलतो."

तिथे माझी चूक लक्षात आली. पॉवरपॉइंट हे मुळात ऑफिसातल्या लोकांसाठी बनलेलं साधन. रॉबर्ट गॅस्किन्स आणि डेनिस ऑस्टिन यांनी ते फोरथॉट या कंपनीत तयार केलं. १९८७ मध्ये ते मॅकिंटॉश संगणकासाठी बाजारात आलं आणि त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने ती कंपनी १ कोटी ४० लाख डॉलरला विकत घेतली. ऑफिसात एकच काम पुन्हा पुन्हा करावं लागतं, म्हणून वेळ वाचवायच्या सोयी त्यात भरपूर आहेत. आपण मात्र दरवेळी कोऱ्या स्लाइडपासून सुरुवात करतो. त्यातल्या आपल्या उपयोगाच्या काही सोयी पाहू.

१) स्लाइड मास्टर : एकदाच करा

व्ह्यू मेनूत 'स्लाइड मास्टर' आहे. तिथल्या सर्वांत वरच्या मोठ्या स्लाइडवर शाळेचं नाव, बोधचिन्ह, फॉन्ट आणि रंग एकदा ठरवले की ते सगळ्या स्लाइडवर आपोआप येतात. पुढे बदल करायचा झाला तरी एकाच जागी करायचा. ही फाइल सेव्ह करताना प्रकार 'पॉवरपॉइंट टेम्प्लेट' निवडा, म्हणजे तुमचा साचा कायमचा तयार. जुन्या ऑफिसमध्येही ही सोय आहे.

२) वर्डमधून थेट स्लाइड

पाठ टाचण वर्डमध्ये टाइप केलेलं असेल तर पुन्हा टाइप करू नका. मुद्द्याच्या नावाला 'हेडिंग १' आणि उपमुद्द्यांना 'हेडिंग २' द्या. पॉवरपॉइंटमध्ये 'न्यू स्लाइड'च्या बाणावर क्लिक करून 'स्लाइड्स फ्रॉम आउटलाइन' निवडा. प्रत्येक मुद्द्याची एक स्लाइड होते आणि उपमुद्दे तिच्याखाली येतात.

३) फोटो अल्बम

प्रवेशोत्सव, सहल, स्नेहसंमेलन यांचे चाळीस फोटो एकेक करून घालायची गरज नाही. इन्सर्ट मेनूत 'फोटो अल्बम' घ्या, सगळे फोटो एकदम निवडा, एका स्लाइडवर एक, दोन की चार हवेत ते सांगा. नंतर 'कॉम्प्रेस पिक्चर्स' वापरून फाइल हलकी करा. तिथे 'फक्त या चित्रासाठी' अशा अर्थाची खूण असते, ती काढायला विसरू नका.

४) मॉर्फ : हलणारं चित्र, कमी कष्टात

ही त्यामानाने नवी सोय. ऑफिस २०१९ आणि मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये आहे. स्लाइडची नक्कल करा, नकलेवर वस्तू दुसऱ्या जागी हलवा आणि ट्रान्झिशनमध्ये 'मॉर्फ' निवडा. वस्तू सरकत तिथे जाते. मी यावर गोदावरीचा पाठ केला. नकाशावर एक निळा ठिपका. पहिल्या स्लाइडवर तो त्र्यंबकेश्वरला, मग नाशिक, पैठण, नांदेड, राजमहेंद्री आणि शेवटी बंगालचा उपसागर. फक्त सहा स्लाइड! रोज दिसणारी आपली नदी १,४६५ किलोमीटरचा प्रवास करते, हे मुलांना डोळ्यांनी दिसलं. "मॅडम, ती मुंबईच्या समुद्राला का नाही जात? तो तर जवळ आहे!" हा प्रश्न एका मुलाने विचारला आणि पुढची पंधरा मिनिटं आम्ही जमिनीच्या उतारावर बोललो.

५) सादर करताना

शिफ्ट आणि एफ ५ एकदम दाबलं की चालू स्लाइडपासूनच शो सुरू होतो. स्लाइडचा नंबर टाइप करून एंटर दाबलं की थेट त्या स्लाइडवर जाता येतं. 'बी' दाबलं की पडदा काळा होतो आणि मुलं आपल्याकडे पाहतात. माझी सर्वांत आवडती कळ हीच.

मराठी फॉन्टचं काय?

माझी फाइल बिघडली कारण मी जुन्या पद्धतीचा फॉन्ट वापरला होता. अशा फॉन्टमध्ये संगणक आत इंग्रजी अक्षरंच साठवतो, फक्त त्यांना मराठी रूप दिलेलं असतं. दुसऱ्या संगणकावर तो फॉन्ट नसला की रूप गळून पडतं. म्हणून युनिकोडमध्येच टाइप करा. मंगल, निर्मला हे फॉन्ट युनिकोडचेच आहेत. नुसतं फॉन्टचं नाव बदलून जुना मजकूर सुधारत नाही, तो कन्व्हर्टरने बदलावा लागतो. शिवाय एक प्रत पीडीएफमध्ये सोबत ठेवा. त्यात ॲनिमेशन चालत नाही, पण अक्षरं जशीच्या तशी राहतात.

तयार स्लाइडबद्दल थोडं

आता सबस्क्रिप्शन असेल तर 'डिझायनर' मांडणी सुचवतो आणि 'कोपायलट' विषय सांगितला की अख्खं सादरीकरण लिहून देतो. वेळ वाचतो हे खरं. पण त्यातली माहिती चुकलेली असू शकते, म्हणून प्रत्येक वाक्य बालभारतीच्या पुस्तकाशी ताडून पाहा. मुलांची नावं, गुण, फोटो अशा ठिकाणी घालू नका. आणि पालकांना एक विनंती : मुलाचा प्रकल्प असा तयार करून देऊ नका. चार ओबडधोबड स्लाइड त्याने स्वतः केल्या तर त्याला त्यावर बोलता येतं.

सुरुवात कुठून करायची? या रविवारी तासभर काढून फक्त साचा तयार करा. बाकीच्या सोयी हळूहळू हाताला लागतील.

आता माझं सादरीकरण पाऊण तासात होतं. उरलेल्या वेळात मी एकच विचार करते : उद्या कोणत्या स्लाइडवर थांबायचं आणि मुलांना काय विचारायचं? पूर्वी रंग निवडता निवडता नेमकं तेच राहून जायचं.