आधी नजर, मग सॉफ्टवेअर

हळद मोंढ्यावर गेली, पट्टी हातात आली, की आमच्या आखाडा बाळापुरात मुलांच्या शिक्षणाची बोलणी सुरू होतात. गेल्या उन्हाळ्यात शेजारचे एक काका असेच माझ्याकडे आले. हातात रंगीत माहितीपत्रक. मुलगा बारावी झालेला. त्याला पुण्याला जाऊन ‘मोशन ग्राफिक्स आणि व्हीएफएक्स’चा कोर्स करायचा होता. रोज आठ तास, दीड महिना. काका म्हणाले, “सर, पट्टीतले निम्मे पैसे यात जाणार. तुम्ही या धंद्यातले. हे असतं तरी काय, अन् दीड महिन्यात येतं का, तेवढं सांगा.” त्यांना जे सांगितले, तेच आज आपल्यापुढे ठेवतो.

टीव्हीवर बातम्यांच्या आधी वाहिनीचे नाव फिरत येते, निकालाच्या दिवशी आकड्यांचे खांब वर चढतात, ते मोशन ग्राफिक्स. अक्षरे, आकडे आणि चित्रे यांना दिलेली हालचाल. सिनेमातला नट स्टुडिओत हिरव्या पडद्यासमोर उभा असतो आणि आपल्याला मात्र तो डोंगरकड्यावर दिसतो, ते व्हिज्युअल इफेक्ट्स, म्हणजेच व्हीएफएक्स. पडदा हिरवाच का? तर माणसाच्या कातडीत तो रंग जवळपास नसतो. त्यामुळे संगणकाला तेवढाच रंग वेगळा करून पुसता येतो आणि त्या जागी कडा बसवता येतो.

दोन्हींचे मूळ एकच. आपल्याकडे टीव्हीवर एका सेकंदाला 25 स्थिर चित्रे दाखवतात, सिनेमात 24. या एकेका चित्राला फ्रेम म्हणतात. दहा सेकंदांचा तुकडा म्हणजे टीव्हीसाठी 250 फ्रेम. पहिल्या फ्रेममध्ये अक्षर डावीकडे हवे आणि पंचविसाव्या फ्रेममध्ये उजवीकडे, एवढ्या दोन खुणा आपण करायच्या; मधली चित्रे संगणक भरतो. या खुणांना कीफ्रेम म्हणतात.

एवढे शिकायला दीड महिना पुरतो का? पुरतो. मीही विद्यार्थी असताना असाच एक कोर्स केला होता. दोघांत एक संगणक होता, तरी शेवटच्या दिवशी सगळी बटणे पाठ होती. पहिल्या नोकरीत एका कार्यक्रमाचे शीर्षक करायला मिळाले. अक्षरे वरून खाली पडतात, एवढेच काम. वरिष्ठांनी एकदा पाहिले आणि विचारले, “तुझी अक्षरं लोखंडाची आहेत का कागदाची?” मला उत्तर देता येईना. माझी अक्षरे एकाच वेगाने खाली येत होती आणि खाली येऊन गपकन थांबत होती. लोखंड वेग घेत आले असते आणि धप्पकन बसले असते. कागद हेलकावे खात उतरला असता. आपल्या स्टँडवरून सुटलेली एसटी एकदम साठच्या वेगाने धावत नाही; ती हळू निघते, मग वेग घेते आणि थांबा आला की पुन्हा मंदावते. हे मी लहानपणापासून पाहत होतो, पण नजरेत धरलेले नव्हते. नोकरीची पहिली दोन वर्षे मी खरे तर पाहायलाच शिकत होतो.

आपल्या महाराष्ट्रातले एक उदाहरण इथे आठवते. दादासाहेब फाळके 1912 साली सिनेमाचे तंत्र शिकायला लंडनला गेले. तिथे सेसिल हेपवर्थ या चित्रपट निर्मात्याच्या स्टुडिओत त्यांनी काम पाहिले, कॅमेरा खरेदी केला आणि साधारण दोन आठवड्यांच्या मुक्कामानंतर परतीची वाट धरली. आजच्या भाषेत हा क्रॅश कोर्सच. पुढच्याच वर्षी, 3 मे 1913 रोजी, ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला. मग दोन आठवडे पुरतात, असे म्हणायचे का? पण लंडनला जाण्यापूर्वी फाळके मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयात आणि बडोद्याच्या कलाभवनात शिकले होते. छायाचित्रण, छपाई आणि जादूचे प्रयोगही त्यांनी केले होते. 1885 साली जे. जे.मध्ये पाऊल ठेवल्यापासून पंचवीसहून अधिक वर्षे त्यांची नजर तयार होत होती. त्या नजरेला दोन आठवड्यांत फक्त यंत्र मिळाले.

परत आल्यावर त्यांनी पहिले काय केले? कुंडीत वाटाणा पेरला आणि कॅमेरा तिच्यासमोर ठेवून रोज थोडे थोडे चित्रण केले. बी उगवून वेल वाढतो, हे पाहणाऱ्याला मिनिटभरात दिसले. या छोट्या चित्रफितीमुळे त्यांना पुढच्या चित्रपटासाठी पैसे उभे करता आले.

आज नजरेचे मोल वाढले आहे, याला कारण आहे. पूर्वी नवशिक्याला पहिले काम मिळे ते रोटोस्कोपिंगचे, म्हणजे चित्रातल्या माणसाची कड फ्रेममागून फ्रेम कापून काढण्याचे. यातले बरेचसे काम आता कृत्रिम बुद्धिमत्ता करू लागली आहे. मोठ्या कंपनीचा भरवसाही धरता येत नाही. फेब्रुवारी 2025 मध्ये टेक्निकलर या जगप्रसिद्ध कंपनीचा व्हीएफएक्सचा डोलारा कोसळला आणि तिच्या बंगळुरू व मुंबईतल्या कर्मचाऱ्यांच्याही नोकऱ्या गेल्या. माहितीपत्रकात ‘शंभर टक्के नोकरी’ असे छापलेले असेल, तर ही गोष्ट आठवावी.

म्हणून पैसे भरण्यापूर्वी चार गोष्टी विचारा. शिकवणारे स्वतः या धंद्यात काम करतात का? मागच्या विद्यार्थ्यांनी केलेले काम पाहायला मिळेल का? प्रत्येकाला स्वतंत्र संगणक मिळतो का आणि किती तास? सॉफ्टवेअरचे भाडे फीमध्ये धरले आहे की वेगळे? आफ्टर इफेक्ट्ससारख्या सॉफ्टवेअरला दरमहा किंवा दरवर्षी भाडे पडते. ब्लेंडर मात्र फुकट मिळते आणि सुरुवातीला पुष्कळ होते. आणखी एक गोष्ट मराठी मुलांनी जरूर विचारावी: देवनागरी कशी बसवायची, हे शिकवता का? काही सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी वेगळी सोय निवडावी लागते, नाहीतर जोडाक्षरे तुटतात आणि वेलांट्या भलतीकडे जातात.

काकांच्या मुलाला मी एक काम दिले. भिजवलेले मूग ओल्या फडक्यावर ठेवायचे, मोबाईल एका जागी घट्ट बसवायचा आणि दर अर्ध्या तासाला एक फोटो काढायचा. पन्नास तासांत शंभर फोटो. सेकंदाला 25 या हिशेबाने चार सेकंदांचे चलच्चित्र. त्याने आणि त्याच्या बहिणीने रात्रीच्या पाळ्या लावल्या. पहिला प्रयत्न फसला. दिवसा खिडकीचा उजेड आणि रात्री बल्बचा, त्यामुळे चित्र लुकलुकत होते. दुसऱ्या खेपेला त्याने खिडकी झाकून एकच दिवा ठेवला आणि फोटो ब्लेंडरमध्ये जोडले. मग मला येऊन म्हणाला, “सर, मोड एका चालीनं वाढत नाही. आधी नुसतं साल तटतटतं, मग एकदम बाहेर येतो.”

हेच मला पहिल्या नोकरीत सांगता आले नव्हते. मी काकांना म्हटले, आता याला खुशाल कोर्सला पाठवा. फक्त ते चार प्रश्न विचारून. काकांनी ते चार सेकंद तीनदा पाहिले आणि माहितीपत्रकाच्या पाठीमागे चारही प्रश्न मुलाकडून लिहून घेतले.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)