मोजा घातला, तरी हात धुवाच
२०२०च्या टाळेबंदीत भाजी आणायला निघालेल्या कितीतरी जणांनी रबरी हातमोजे चढवले. त्यामागची काळजी खरी होती; पण कोरोनाचा विषाणू धडधाकट कातडीतून आत शिरत नाही. त्याचा रस्ता नाक, तोंड आणि डोळ्यांतून. मोजा घातलेल्याच बोटांनी टोमॅटो चाचपायचे, सुट्टे पैसे घ्यायचे, मोबाईल काढायचा आणि घसरलेला मास्क नाकावर सारायचा, म्हणजे मोजा असून नसल्यासारखाच. शिवाय हात झाकलेले, म्हणून ते धुवायचेही राहून जातात. मला हाच धोका मोठा वाटतो. जागतिक आरोग्य संघटनेनेही बाजारहाटासाठी मोज्यांऐवजी हात स्वच्छ ठेवण्यावरच भर दिला.

साबण नेमके काय करतो? या विषाणूभोवती स्निग्ध पदार्थाचे पातळ आवरण असते. साबणाच्या रेणूचे एक टोक पाण्याला धरते, दुसरे त्या स्निग्धात घुसते. आवरण फाटते आणि विषाणू निकामी होतो. त्यासाठी २० सेकंद तरी द्या, अंगठे आणि नखांच्या कडांसकट. पाणी नसेल तर किमान ६० टक्के अल्कोहोलचे सॅनिटायझर वाळेपर्यंत चोळा. मोजे घातलेच असतील, तर मनगटाकडून उलटे करत काढा आणि लगेच हात धुवा.