शितावरून भाताची परीक्षा

भातसानगर परिसरातल्या बचत गटांच्या वतीने आम्ही बोलतोय.

मागच्या वर्षी आमच्या गटातल्या दोघींच्या हाती मृदा आरोग्य पत्रिका आल्या. दोन्हींवर आकडे तेच! एकीचं शेत ओढ्याकाठचं खाचर, दुसरीचं डोंगरउतारावरचं वरकस. वरकसवाल्या ताईंनी त्या आकड्यांवर खतासाठी गटातून कर्ज काढलं. नागली बेताचीच आली, हप्ते मात्र फेडावेच लागले.

असं का झालं? ही योजना २०१५ साली सुरू झाली, तेव्हा कोरडवाहू भागात १० हेक्टरला, म्हणजे २५ एकरांना, एक नमुना असं प्रमाण ठरलं होतं. सपाट मुलखात ते चालून जाईल. आपल्याकडे तेवढ्यात वर माळ, मध्ये वरकस आणि खाली खाचर येतं. पावसाने वरची बारीक माती धुऊन खाली येते. म्हणून वर पातळ, तांबडी माती आणि खाली चिकण. शितावरून भाताची परीक्षा होते खरी, पण भांडी तीन आणि शीत एकाच भांड्यातलं!

मग मधल्या जमिनीचं काय? त्यासाठी आता संगणकाला शिकवतात. याला मशीन लर्निंग म्हणतात. तपासलेल्या मातीचे आकडे संगणकाला देतात. सोबत त्या जागेचा उतार, उंची, पाऊस आणि उपग्रहाने टिपलेली हिरवळ. हजारो जागा पाहून तो ताळा बसवतो, आणि न तपासलेल्या जागेचा सामू किंवा सेंद्रिय कर्ब किती असेल, याचा अंदाज सांगतो. आपल्या सासूबाई गवत बघून जमिनीचा कस सांगतात, तशीच ही रीत.

नागपूरला मुख्यालय असलेल्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण संस्थेचे शास्त्रज्ञही या पद्धतीने नकाशे करतात. 'सॉइलग्रिड्स' हा तर सगळ्या जगाचा नकाशा. त्यासाठी सुमारे २ लाख ४० हजार ठिकाणच्या नोंदी वापरल्या. तरी त्याची एक चौकट २५० मीटरची, म्हणजे सुमारे १५ एकरांची. तुमचं दहा गुंठ्यांचं खाचर त्यात वेगळं दिसणार कसं? तुम्ही शेणखत किती घातलं, तेही उपग्रहाला कळत नाही.

म्हणून नकाशा बघा, पण खत आपल्या मातीच्या तपासणीवरच घ्या. कापणीनंतर, खत घालण्याआधी नमुना काढा. खाचर आणि वरकस यांचे नमुने वेगळे ठेवा. शेतात नागमोडी फिरत आठ-दहा जागी वीतभर खोल खड्डा घ्या. बांध, उकिरडा, झाडाखालची जागा आणि राब भाजलेली जागा टाळा, कारण राखेने आकडे बदलतात. माती एकत्र करून अर्धा किलो पिशवीत भरा. खताची रिकामी गोणी नको. चिठ्ठीवर गट नंबर आणि शेताची जागा नीट लिहा. नमुना चुकीचा गेला, तर संगणकही चुकीचंच शिकेल.

आमच्या गटांनी आता ठरवलंय : खताच्या कर्जाचा अर्ज आला, की आधी विचारायचं, "ताई, माती तपासली का? आणि कुठल्या शेतातली?"