गझल एक, पाकिटे तीन

बीडहून एक गझल तीन मासिकांना धाडायची, तर पाकिटे वेगळी, गझल तीच. यंत्रप्रतिमेचेही तसेच. यंत्रप्रतिमा म्हणजे कार्यप्रणाली आणि प्रोग्रॅम भरलेल्या डिस्कची तयार प्रत. तिच्यावरून ‘क्लाऊड’ केंद्रात हवे तेवढे संगणक उभे राहतात. अशी केंद्रे मायक्रोसॉफ्टने २०१५ साली पुणे-मुंबईत, अ‍ॅमेझॉनने २०१६ आणि गूगलने २०१७ साली मुंबईत सुरू केली. मायक्रोसॉफ्टला प्रत व्हीएचडी साच्यात लागते, गूगलकडे दाबून बांधलेल्या गाठोड्यातून जाते. म्हणून प्रतिमा घडवणारा कोड एकच ठेवावा. पोचवणारे भाग कंपनीगणिक वेगळे. नाहीतर सुरक्षेची एक दुरुस्ती तीनदा करावी लागते. एखादी राहून जाते, आणि चोराला तेवढे एक दार पुरते.