खोलीचं शून्य

पुण्याकडून छत्रपती संभाजीनगरला येताना प्रवरासंगम मागे पडलं की गोदावरीवरचा पूल ओलांडून गंगापूर तालुक्यातलं कायगाव लागतं. पैठणच्या जायकवाडी धरणाचा जलाशय, नाथसागर, भरलेला असला की पुलाच्या दोन्ही अंगांना नुसतं पाणी. ते कुठे किती खोल आहे, हे काठावर उभं राहून कुणालाच सांगता येत नाही. मासेमार बांबू घालून अंदाज घेतो, तोही बांबू पुरेल तिथपर्यंत. त्यापुढे इको साउंडर, म्हणजे प्रतिध्वनीवरून खोली मोजणारं यंत्र, हवा. शिडाच्या छोट्या होडीवर बसवलेला साउंडर आणि धरणाचा तळ मोजणाऱ्या बोटीवरचा साउंडर यांच्या किमतीत आणि अचूकतेत मोठा फरक असतो, पण तत्त्व एकच. शिवाय दोन्हींची खोडही एकच: पडद्यावरचा आकडा कुठून मोजलेला आहे, हे ठाऊक नसेल तर तो फसवतो.

होडीच्या तळाशी एक चकती असते, ट्रान्सड्यूसर. आतल्या सिरॅमिकला विजेचा झटका मिळाला की ते थरथरतं आणि ऐकू न येणाऱ्या आवाजाचा ठोका पाण्यात सोडतं. तळावर आपटून प्रतिध्वनी परत आला की तेच सिरॅमिक तो टिपतं. २० अंश तापमानाच्या गोड्या पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १४८२ मीटर धावतो. १० मीटर खोल पाण्यात जाऊन-येऊन त्याला जेमतेम साडेतेरा मिलिसेकंद लागतात. यंत्र मोजतं तो हा वेळ. खोली हा त्यानंतरचा गुणाकार, आणि त्या गुणाकारात आवाजाचा वेग यंत्राने गृहीत धरलेला असतो.

१९१२ मध्ये टायटॅनिक बुडाल्यानंतर जर्मन संशोधक अलेक्झांडर बेम हिमनगाचा प्रतिध्वनी पकडता येईल का, याच्या खटपटीत होते. हिमनगासाठी ती युक्ती फारशी चालली नाही, तळासाठी मात्र उत्तम चालली. त्याआधी शिडाच्या जहाजांवर शिशाचा गोळा दोरीला बांधून सोडायचे आणि खोली वावांत मोजायचे. वाव म्हणजे दोन्ही हात पसरल्यावरचं अंतर, साधारण ६ फूट. गोळ्याच्या बुडाला खळगा करून त्यात चरबी भरलेली असे. तिला चिकटून वर काय आलं, वाळू की चिखल, हे पाहून तांडेल नांगर टाकायचा की नाही ते ठरवी.

जुना काढून नवा बसवताना

होडीवरचा साउंडर बिघडला की बहुतेक वेळा डोलकाठीजवळचा किंवा सुकाणूजवळचा पडदा बदलून भागत नाही. नव्या पडद्याची आणि जुन्या ट्रान्सड्यूसरची वारंवारता जुळली नाही तर दोन्ही बदलावे लागतात. जुना ट्रान्सड्यूसर तळाला भोक पाडून बसवलेला असेल तर होडी पाण्याबाहेर ओढल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही. आतून नट सैल करायचा, जुनं सीलंट पातीने कापायचं, भोकाची कड कोरडी आणि स्वच्छ करायची. नव्या नळीचा व्यास वेगळा निघाला तर जुनं भोक फायबर आणि रेझिनने बुजवून नवं पाडणं शहाणपणाचं. सीलंट बोटींसाठी बनवलेलंच वापरावं, बाथरूमच्या टाइल्सचं सिलिकॉन इथे टिकत नाही.

होडी सलग फायबरग्लासची असेल तर भोक न पाडताही काम होतं, कारण आवाज फायबरमधून पार होतो. लाकूड, धातू किंवा थरांच्या मध्ये भरलेला फोम मात्र त्याला अडवतो किंवा दुबळा करतो. जागा योग्य आहे का, हे चिकटवण्याआधी तपासायची एक सोपी रीत आहे. प्लॅस्टिकच्या पिशवीत पाणी भरायचं, त्यात ट्रान्सड्यूसर बुडवायचा आणि पिशवी होडीच्या तळाला आतून दाबून धरायची. पडद्यावर आकडा स्थिर दिसला तर जागा चांगली. तो नाचायला लागला तर फायबरच्या थरात हवेचे बुडबुडे आहेत असं समजून वीतभर सरकायचं. हवेचा पातळसा थरही आवाज परतवून लावतो, म्हणून चिकटवताना रेझिनमध्येही बुडबुडा राहू द्यायचा नाही.

केबल लांब वाटली तरी कापू नये. येणारा प्रतिध्वनी अगदी क्षीण असतो आणि जोड दिलेल्या जागी इंजिनाच्या विजेचा गोंगाट त्यात मिसळतो. उरलेली केबल अल्टरनेटरपासून लांब गुंडाळून ठेवावी.

शिडाच्या होडीची आणखी एक गोष्ट म्हणजे ती वाऱ्याने कलते. २० अंश कललेल्या होडीवरून आवाजाचा अरुंद झोत तिरका जातो आणि सपाट तळावरही खोली सुमारे ६ टक्के जास्त दाखवतो. उथळ पाण्यात जास्त दाखवणारं यंत्र हे बंद यंत्रापेक्षा धोक्याचं.

तीन आकडे, एकच पाणी

समजा ट्रान्सड्यूसर पाण्याच्या पृष्ठभागाखाली ०.४ मीटरवर आहे आणि होडीच्या कण्याचं टोक १.२ मीटरवर. पडदा २ मीटर दाखवतो. मग पाण्याची खोली २.४ मीटर, आणि कण्याखाली उरलेलं पाणी फक्त १.२ मीटर. यातला कुठला आकडा दाखवायचा, ते यंत्रात आपण भरायचं असतं. जुन्या यंत्रात कुणीतरी ते वर्षांपूर्वी भरलेलं असतं आणि डोळ्यांना त्याची सवय झालेली असते. नवं यंत्र पेटीतून बाहेर येतं ते ट्रान्सड्यूसरपासून मोजत. म्हणून बसवल्याच्या पहिल्याच दिवशी खुणा केलेली दोरी वजन बांधून तळाला टेकवायची आणि पडद्याशी ताळा करायचा. सर्वेक्षण करणारे ट्रान्सड्यूसरखाली ठरावीक खोलीवर धातूची पट्टी सोडून हेच करतात.

तळ कशाला म्हणायचं, हाही प्रश्न उरतोच. २०० किलोहर्ट्झचा ठोका मऊ चिखलाच्या वरच्या थरावरूनच परततो. ३० ते ५० किलोहर्ट्झचा जाडा आवाज त्या चिखलात शिरून खालच्या घट्ट थरापर्यंत पोचू शकतो. दोन्ही एकदम वापरले तर मधल्या फरकावरून मऊ गाळाच्या जाडीचा अंदाज येतो.

नाथसागराचा हिशेब

इथून मामला होडीवाल्यांपुरता राहत नाही. जायकवाडीची पायाभरणी १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्रींनी केली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधींनी धरणाचं लोकार्पण केलं. एकूण साठा २९०९ दशलक्ष घनमीटर (दलघमी), त्यातला उपयुक्त २१७१ आणि मृतसाठा ७३८. पेपरात रोज येणारी टक्केवारी खोली मोजून काढलेली नसते. पाण्याची पातळी मोजतात आणि त्या पातळीला किती साठा, ते तक्त्यात पाहतात. तक्ता बेतलेला असतो तळाच्या नकाशावर. तळ वर आला आणि तक्ता तोच राहिला तर पाण्यात म्हैस आणि बाहेर मोल.

मृतसाठ्याची जागा गाळासाठी राखलेली असते, पण गाळ नेमून दिलेल्या जागी जात नाही. वाहती नदी संथ पाण्याला मिळते तिथेच जड वाळू खाली बसते. नाथसागरात ती जागा वरच्या टोकाला, म्हणजे गंगापूर-नेवाशाच्या अंगाला येते. बारीक माती मात्र पुढे पैठणच्या भिंतीपर्यंत जाते. उपग्रहाच्या चित्रांवरून पाण्याचा पसारा मोजून गाळाचा अंदाज काढता येतो, पण फक्त पाणी जिथवर ओसरतं तिथपर्यंतचा. त्याखालचा तळ पाहायचा तर बोट आणि साउंडर लागतोच.

तिथे अचूकतेला किंमत आहे. जलाशयाचा पसारा सुमारे ३५० चौरस किलोमीटर आणि सरासरी खोली सव्वाआठ मीटरच्या आसपास. एवढ्या पसाऱ्यावर १० सेंटिमीटरची चूक झाली तर ती ३५ दलघमीची, म्हणजे सव्वा टीएमसीची (अब्ज घनफुटांची) होते. २० अंशांच्या पाण्यासाठी लावलेलं यंत्र ३० अंशांच्या पाण्यात तसंच चालवलं तर १० मीटर खोलीवर १८ सेंटिमीटर चुकतं. होडीवाल्याला त्याने काही फरक पडत नाही, धरणाला पडतो.

पडद्यावरच्या खोलीसारखंच धरणाचं शून्य टक्के हेही ठरवलेलं शून्य आहे. २०१६ आणि २०१९ च्या उन्हाळ्यांत नाथसागराचा उपयुक्त साठा शून्याखाली गेला, तरी पाणी होतंच आणि मृतसाठ्यातून ते उचललंही गेलं. जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या २०१४ च्या आदेशाने ठरवलं की १५ ऑक्टोबरला जायकवाडीत ६५ टक्क्यांपेक्षा कमी साठा असेल तर नाशिक-अहिल्यानगरच्या धरणांतून पाणी सोडण्याचा प्रश्न येईल. साठा कमी पडलेल्या वर्षी त्यावरून वाद पेटतो, तो वरून किती पाणी सोडायचं याचा. ६५ टक्के कुठल्या वर्षीच्या तळावर मोजले, हा प्रश्नही दोन्ही बाजूंनी तितक्याच जोरात विचारायला हवा. तळाची मोजणी ठरावीक वर्षांनी व्हावी, आणि नवा तक्ता जुन्याशेजारी ठेवून सगळ्यांना पाहता यावा. होडीवर नवा साउंडर बसवणारा माणूस पहिल्याच दिवशी दोरी टाकून ताळा करतो. लाखो लोकांचं पाणी ज्या आकड्यावर वाटलं जातं, त्याला निदान तेवढी शिस्त लागू व्हावी.